ट्रामच्या थांब्यापर्यंत

पहिल्या परीक्षेत सरलाबाई नापास झाल्या त्या निव्वळ चांगल्या वळणामुळे.

अर्ज तसा साधा होता. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात, ट्रामची पायरी चढवत नाही, तेव्हा रायस्वाइकची नगरपालिका म्हाताऱ्या माणसांना घरून नेऊन घरी सोडणारी जी टॅक्सी देते, तिचा पास मिळावा. त्याची शहानिशा करायला मार्चमध्ये बाउमान नावाची एक बाई घरी आली. आता, शहानिशा करायला आलेली बाई म्हणजे पाहुणी नव्हे, हे छत्तीस वर्षं हॉलंडमध्ये काढूनही सरलाबाईंच्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्या पहाटे उठल्या. घर लख्ख केलं, इस्त्रीची साडी नेसल्या, आणि साबुदाणे वडे गरमच खायला हवेत म्हणून चाळीस मिनिटं गॅसपाशी उभं राहून एकेक घाणा काढत राहिल्या. बाउमानबाई निघाल्या तेव्हा त्यांना दारातूनच वाटेला लावणं सरलाबाईंच्या जिवावर आलं. त्यांच्या माहेरी मीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा कोपऱ्यापर्यंत पोचवायची पद्धत होती. त्या ट्रामच्या थांब्यापर्यंत गेल्या. गुडघे बोंबलत होते आणि तोंडाने त्या ट्युलिपच्या कंदांविषयी बोलत होत्या. ट्राम वळेपर्यंत त्यांनी हातही हलवला.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. सरलाबाईंनी इथल्या वाचनालयात बावीस वर्षं नोकरी केली होती, डच भाषेतलं बरंवाईट पुष्कळ वाचलं होतं, पण स्वतःची इतकी स्तुती कुठे वाचली नव्हती. 'अर्जदार सलग चाळीस मिनिटं उभ्या राहून स्वयंपाक करतात. अर्जदार कोणत्याही आधाराविना, गप्पा मारत, सुमारे चारशे मीटर चालल्या. अर्ज नामंजूर.' परत येताना त्या दोनदा लोकांच्या बागेच्या कठड्यावर टेकल्या होत्या आणि त्या चारशे मीटरना पाऊण तास लागला होता, ते बघायला अर्थातच कोणी नव्हतं.

"चार वडे खाल्लेन्," सरलाबाई भिंतीवरच्या नवऱ्याच्या, अरुणरावांच्या फोटोला म्हणाल्या, "त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही."

मग त्यांनी हरकतीचं पत्र लिहिलं, आणि जूनमधल्या एका शुक्रवारी सकाळी दहाला फेरतपासणी ठरली. हे सगळं गुपचूपच उरकायचं होतं. पण नगरपालिकेचा लिफाफा टेबलावर असताना नेमकी लेक मंजूषा आल्मेरेहून आली, आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही मुलांना कळलं की आईने सरकारकडे टॅक्सी मागितली आहे.

तसा घरात गेल्या दहा वर्षांत इतका एकोपा झाला नव्हता. अरुणरावांच्या तेराव्याला अर्ध्या दिवसाच्या वर रजा न मिळालेल्या सौमित्रने पूर्ण दिवसाची रजा टाकली आणि तो बायकोला, मीनलला घेऊन नीउ-व्हेनेपहून सकाळी साडेआठलाच हजर झाला. मंजूषा त्याच्याही आधी आली होती. धाकट्या ईशानला आइंडहोव्हनमध्ये कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यातून सुटता येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने ईमेलने एक तक्ता पाठवला होता. त्यात आईच्या हालचालींना शून्य ते पाच गुण दिले होते आणि वर लाल-हिरवे रंग भरले होते. आई शेवटची कधी भेटली, हा रकाना मात्र त्याने ठेवला नव्हता.

"ही साडी पहिली बदल," मंजूषा म्हणाली. "आणि केस कोणी विंचरायला सांगितले?"

"मग काय झिंज्या सोडून बसू?"

"हो! आई, तू गरजू दिसायला हवीस. गेल्या वेळी काय केलंस ते आठव. आज उठायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही, चहासुद्धा वहिनी करेल. आणि ती निघाली की बसल्या जागेवरून बाय म्हणायचं."

"बसल्या जागेवरून?" सरलाबाईंना हे अगदी अश्लील वाटलं.

सौमित्र खिडकीशी उभा होता. बाहेर फुटबॉलच्या विश्वचषकासाठी गल्लीभर नारिंगी पताका लागल्या होत्या आणि त्याचा चेहरा घरात कोणी गेल्यासारखा होता. "मला हे मुळात पटलेलंच नाही," तो म्हणाला. "आपण तीन मुलं इथे, तीन गाड्या दारात, आणि आपली आई सरकारी टॅक्सीतून फिरणार? मंडळात लोक काय म्हणतील?"

सौमित्र मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता. गेल्या गणपतीत त्याने 'आपली संस्कृती आणि ज्येष्ठ नागरिक' या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं होतं. डच लोक आईबापांना वृद्धाश्रमात टाकतात आणि आपण त्यांना हृदयात ठेवतो, असं त्याचं म्हणणं होतं. टाळ्या खूप पडल्या. त्या कार्यक्रमाला सरलाबाई येऊ शकल्या नव्हत्या, कारण त्यांना आणायला कोणाला वेळ झाला नव्हता. भाषणाची सीडी मात्र त्यांना पोस्टाने घरपोच मिळाली.

"पण तुला जायचं तरी कुठे असतं, आई?" सौमित्रने विचारलं.

"झूटरमेरला. संध्याकडे."

"संध्यामावशीला कळतं का आता काही?"

उत्तर द्यायचं म्हटलं तर फार लांबचं द्यावं लागलं असतं. संध्या आणि अजित हे त्यांच्या पाठोपाठ आलेलं जोडपं. पहिल्या हिवाळ्यात दोघींनी मिळून एकच जाड कोट घेतला होता आणि तो आलटून पालटून घातला होता. अजित गेला, मूलबाळ नव्हतं, आणि दीड वर्षापूर्वी संध्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात गेला आणि त्याबरोबर पस्तीस वर्षांचं अस्खलित डच गेलं, इंग्रजीही गेलं. उरलं ते फक्त मराठी. झूटरमेरच्या शुश्रूषागृहात माणसं मायाळू होती, पण त्यांच्यात मराठी कोण बोलणार? दर गुरुवारी सरलाबाई ट्राम, रेल्वे आणि बस बदलून तिच्याकडे जायच्या. गुरुवार सोडला तर संध्याच्या बोलण्याला आठवडाभरात एकही उत्तर मिळत नव्हतं. फेब्रुवारीत सरलाबाईंचे गुडघे संपावर गेले आणि गुरुवारही गेला.

"मी चहाचं आधण ठेवते," मीनल म्हणाली. सासू-सुनेचं नऊ वर्षं शीतयुद्ध चालू होतं. मीनलने एकदा गोड्या मसाल्याच्या बरणीत विकतचा गरम मसाला भरून ठेवला होता, तिथून त्याची सुरुवात होती आणि दोन्ही बाजूंनी अजून शस्त्रसंधी झाली नव्हती.

बरोबर दहाला बेल वाजली. बाउमानबाई आत आल्या, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, आणि खुर्चीत बसण्याआधी त्यांची नजर एकदा स्वयंपाकघराकडे जाऊन आली. आज तळणाचा वास नव्हता. त्यांनी उसासा टाकल्यासारखं करून फाइल उघडली.

सुरुवात झकास झाली. सरलाबाई, सगळ्यांना स्वयंपाकघरात पिटाळून चढवलेल्या मळखाऊ गाऊनमध्ये, न विंचरलेल्या केसांनी खुर्चीत बसून होत्या. मंजूषाने डॉक्टरांचं पत्र दिलं, ईशानचा तक्ता दिला. बाउमानबाईंनी रंगांचं कौतुक केलं. मग त्यांनी छापील यादीतला पुढचा प्रश्न वाचला. "मुलं जवळपासच राहतात, असं दिसतंय. ने-आण करायला त्यांची कितपत मदत होते?"

या प्रश्नाची तालीम झाली होती. 'मुलं नोकरीत व्यग्र आहेत, जमत नाही', एवढंच मंजूषाने म्हणायचं होतं. पण प्रश्न विचारणारी बाई गोरी होती, तिच्या हातात पेन होतं, आणि सौमित्रच्या पोटातलं भाषण जागं झालं.

"मॅडम, एक गोष्ट समजून घ्या," तो आपल्या सुरेख डचमध्ये म्हणाला. "आमच्या संस्कृतीत आईवडिलांना असं सोडून देत नाहीत. माझी आई कुठे अडकून पडलेली नाही. मी स्वतः तिला नेतो."

बाउमानबाईंनी लिहून घेतलं. "छान. साधारण किती वेळा?"

"दर आठवड्याला," सौमित्र म्हणाला. "जवळजवळ."

आता मंजूषाला खरं तर कपाळावर हात मारून घ्यायला हवा होता. पण आईची सेवा एकट्या दादाच्या नावावर सरकारी कागदात नोंदली जाते आहे, हे तिच्यानेही बघवेना. "आणि मी असतेच की," ती म्हणाली. "दवाखाना, बाजार, सगळं मी बघते. आल्मेरेहून येते, लांबून. दादाला तर रायस्वाइक वाटेवरच पडतं."

"वाटेवर कसलं? माझं ऑफिस ॲमस्टरडॅमला आहे!"

"म्हणूनच म्हणते, तुला कुठे वेळ असतो?"

"मागच्या महिन्यात कोण आलं होतं?"

"आणि ईस्टरला कोण आलं होतं?"

गणपतीच्या प्रसादाचा लिलाव चालावा तशी बोली चढत गेली. दोघांच्या तोंडून सरलाबाई वसंतात ट्युलिपच्या बागा बघून आल्या, शेवनिंगनच्या समुद्रावर आइस्क्रीम खाऊन आल्या, दर पंधरवड्याला देवळात गेल्या. इतकं हुंदडल्यावर गुडघे दुखतील नाही तर काय, असं त्यांनाही वाटायला लागलं. बाउमानबाईंचं पेन भराभर चालत होतं. शेवटी त्यांनी टोपण लावलं.

"इतकं प्रेमळ कुटुंब मी या कामात क्वचितच पाहिलंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना तसं खरंच वाटत असावं. "पण मग पासची गरज उरत नाही. तो ज्यांना कोणी नेणारं नाही त्यांच्यासाठी असतो." मग त्या सरलाबाईंकडे वळून डच अदबीने म्हणाल्या, "मेफ्राउ, तुमच्या मुलांनी सांगितलं ते बरोबर आहे ना?"

स्वयंपाकघराच्या दारात मीनल चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

सरलाबाईंनी सौमित्रकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. सहावीत मार्क वाढवून सांगताना यायचा, तसाच. आता 'हो' म्हटलं की विषय संपत होता. मुलांची अब्रू राहिली असती, बाई खूश होऊन गेली असती, आणि संध्याकाळी दोघंही मुकाट्याने आपापल्या घरी जाऊन पुढच्या गुरुवारी विसरली असती. परक्या बाईसमोर पोटच्या मुलाला खोटं पाडायचं, हे सरलाबाईंनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. तेवढ्यात त्यांना झूटरमेरची ती खिडकी आठवली. तिच्याशी बसून संध्या अठरा गुरुवार वाट बघत होती, आणि आपण का येत नाही हे तिला तिच्या भाषेत सांगणारं तिथे कोणीही नव्हतं.

"नाही," सरलाबाई म्हणाल्या. "बरोबर नाही."

"आई!" मंजूषा मराठीत म्हणाली.

"फेब्रुवारीपासून अठरा गुरुवार झाले," सरलाबाई वाचनालयात उशिरा पुस्तक आणणाऱ्यांशी बोलायच्या त्या शांत डचमध्ये बोलत राहिल्या. "त्यातल्या एकाही गुरुवारी मला कोणी झूटरमेरला नेलं नाही. गेल्या वर्षी एकदा मुलाने नेलं होतं. वीस मिनिटांनी गाडीचा हॉर्न वाजवला. एकदा मुलगी नेणार होती, तेव्हा गाडी सर्व्हिसिंगला होती. समुद्रावर मी शेवटची गेले ते नवरा जिवंत असताना. पण हे लिहून घेताना आणखी एक लिहा. ती खोटारडी नाहीत. फोनवर विचारतात, कशी आहेस? मी म्हणते, मजेत आहे, माझी काळजी करू नका. चार महिने मीच त्यांना हे सांगत आलेय, आणि त्यांना ते खरं वाटलं. त्यांच्या सोयीचं होतं म्हणून वाटलं असेल, पण वाटलं."

बाउमानबाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "मेफ्राउ, मला तुम्ही चालून दाखवाल का? दारापर्यंत?"

सरलाबाईंना हे नको होतं. नापास होण्याची भीती नव्हती. मुलं यायची वेळ झाली की त्या बेल वाजण्याआधीच दार नुसतं लोटून ठेवून खुर्चीत बसायच्या आणि ती जाईपर्यंत उठायच्या नाहीत. चहाचा थर्मास आधीच टेबलावर भरलेला असायचा. सौमित्रने आणि मंजूषाने त्यांना चालताना पाहिलं त्याला सहा महिने झाले होते. बाउमानबाईंना गुडघे दाखवायला त्यांची हरकत नव्हती, पण या दोघांना दाखवायचे नव्हते.

त्या उठल्या. पहिल्या झटक्यात जमलं नाही, दुसऱ्यात जमलं. टेबलाची कड, मग खुर्चीची पाठ, मग कपाट, असं एकेक धरत त्या निघाल्या. पाय उचलत नव्हता, घासत होता. दारापर्यंत सात पावलं होती. पाचव्या पावलाला त्यांच्या तोंडून आवाज निघाला. एकट्या असताना त्या नेहमी काढायच्या तोच तो आवाज होता, आणि आज तो आवरायचं त्यांना सुचलं नाही.

मागे वळल्या तेव्हा सौमित्र उभा होता. त्याचे हात आधार द्यायला पुढे आले होते आणि तिथेच थांबले होते. मंजूषा दुसरीकडे बघत होती आणि ओढणीने नाक पुसत होती.

"कधीपासून असं चालतेस?" सौमित्रने मराठीत विचारलं. आवाजातलं भाषण कुठच्या कुठे गेलं होतं.

"तुझी सीडी आली तेव्हापासून," सरलाबाई म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही.

मीनलने ट्रे खाली ठेवला, येऊन सासूचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीपर्यंत आणलं. तिची पकड भक्कम होती. "मी यांना गेल्या वर्षीच सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "आई खुर्चीतून उठत का नाहीत, बघा जरा. तर म्हणाले, रुसली असेल तुझ्यावर."

"रुसले होतेच," सरलाबाई म्हणाल्या. "ते वेगळं."

चहा झाला. बाउमानबाईंनी फाइल मिटली, आठवड्याभरात कळवते म्हणाल्या आणि उठल्या. सरलाबाईंचे दोन्ही हात आपोआप खुर्चीच्या हातांवर गेले. नुकतीच सात पावलांत अब्रू गेली होती तरी पाहुणी निघाली म्हटल्यावर शरीर आपलं उठायला लागलं.

"बसा, आई," मीनलने खांदा दाबला. "मी पोचवते त्यांना."

"दारापर्यंत नको हं नुसतं."

"ट्रामपर्यंत. माहीत आहे मला."

खिडकीतून सरलाबाईंनी दोघींना नारिंगी पताकांखालून जाताना पाहिलं. मीनलला डच धड येत नव्हतं आणि बाउमानबाईंना मराठी, तरी दोघींचे हातवारे चालले होते. बहुधा वडे कसे करतात ते चाललं असावं.

पास जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. सौमित्रने मंडळात याबद्दल काही सांगितलं नाही, पण गुरुवारी सकाळी न चुकता त्याचा फोन आला. टॅक्सी किती वाजता आहे, पाणी घेतलंस का, छत्री घेतलीस का. गाडी चालवायची नाही म्हटल्यावर त्याच्या मातृप्रेमाला चांगलाच बहर आला होता. मंजूषाने टॅक्सीत पाठीला घ्यायला उशी पाठवली. ईशानने तक्त्यात हिरवा रंग भरला.

टॅक्सीत आधीच दोन डच म्हाताऱ्या होत्या. एक केस सेट करायला निघाली होती, दुसरी कबरस्तानात नवऱ्याला भेटायला. चालकाने दंडाला धरून सरलाबाईंना बसवलं आणि पट्टा लावून दिला.

संध्या खिडकीशीच होती. सरलाबाईंना पाहून तिने ओठ आवळले आणि तोंड फिरवलं.

"गेलीस ना मला टाकून? पाच महिने!"

"साडेचार," सरलाबाई म्हणाल्या. "गुडघे गेले गं."

"मग निरोप नाही का द्यायचा?"

"दिला होता. इथल्या नर्सने तुला सांगितला. डचमध्ये."

संध्याने क्षणभर विचार केला आणि मग हसायला लागली. डाव्या बाजूने हसू यायचं आणि उजवी बाजू तशीच राहायची. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती बोलत सुटली. रोजचे बटाटे, शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचं घोरणं, अंघोळ घालणाऱ्या मुलीचे गार हात. साडेचार महिन्यांचं सगळं साठलं होतं. नर्स कौतुकाने दारात येऊन थांबली. "आज त्या किती बोलताहेत! काय म्हणतात?"

"तुमचं फार कौतुक करतेय," सरलाबाई डचमध्ये म्हणाल्या. संध्या प्रत्यक्षात नर्सच्या चपलांबद्दल जे म्हणाली होती ते कोणत्याच भाषेत सांगण्यासारखं नव्हतं.

चार वाजता टॅक्सी परत आली. सरलाबाई टेबल धरून उठल्या. "येते गं. पुढच्या गुरुवारी."

"थांब," संध्या म्हणाली. तिने डाव्या हाताने चाकाच्या खुर्चीचा ब्रेक सोडला. "पोचवते तुला."

"अगं, कशाला? बस तू."

"बसलेलीच आहे," संध्या म्हणाली.

मग त्या दोघी निघाल्या. एकीला चालता येत नव्हतं आणि दुसरीला एकाच हाताने चाक फिरवता येत होतं, त्यामुळे खुर्ची सारखी भिंतीकडे वळायची. सरलाबाईंनी खुर्चीच्या पाठीचा दांडा धरला. त्याने खुर्ची सरळ चालायला लागली आणि गुडघ्यांनाही आधार झाला. दारापाशी निरोप घेऊन झाला, तरी संध्या थांबली नाही. उतरणीवरून ती थेट फाटकापर्यंत आली. तिथे पुन्हा निरोप झाला, मग बटाट्यांचा विषय राहिला होता तो झाला, मग पुन्हा निरोप झाला.

चालकाने घड्याळ पाहिलं. "मेफ्राउ, माझ्याकडे अजून दोन गिऱ्हाइकं आहेत."

"दोन मिनिटं," सरलाबाई म्हणाल्या. "मला पोचवायला आलीय ती."

त्या आत बसल्या. गाडी हलली. संध्या डावा हात हलवत होती आणि मोठ्याने सांगत होती, "पोचलीस की कळव गं!" कळवणार कसं, तिच्या खोलीत फोन नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

"कळवते!" सरलाबाई काच खाली करून ओरडल्या, आणि टॅक्सी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या.